बलामाची गाढवी

"सुईकडे बघितलं की मला चक्कर येते," तो म्हणाला.

"मग बघू नका," मी म्हटलं.

"मग कुठे बघू?"

"लोक भिंतीकडे बघतात. मुद्दाम डोंगराचं चित्र लावलंय तिथे."

त्यानं मान वळवली खरी, पण भिंतीकडे नाही. माझ्याकडे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढण्याचं काम करते. सकाळी दार उघडायच्या आधीच बाहेर रांग लागते. उपाशीपोटी आलेली, चिडलेली, जांभया देणारी माणसं. खुर्चीत बसली की सगळ्यांच्या माना फिरतात. कुणी डोंगर बघतं, कुणी डोळे मिटतं, कुणी फोन काढतं. इतकी वर्षं लोकांच्या इतक्या जवळ बसते मी, पण माझा चेहरा विचारला तर एकालाही सांगता येणार नाही.

आणि हा… सरळ बघत होता. घाबरलेला होता, कपाळावर घाम होता, तरी बघत होता.

मी गडबडले. शीर सापडलेली असूनही उगाच दुसऱ्यांदा चाचपली. "थोडं टोचेल हं."

"तुमचा आवाज—" तो म्हणाला.

झालं, मला वाटलं. माझा आवाज जाड आहे. नुसता जाड नाही, खोल. फोनवर लोक मला "हॅलो दादा, रिपोर्ट झाले का?" असं विचारतात, आणि मीही आताशा "झाले, पाठवतो" म्हणून मोकळी होते. कोण समजावत बसणार?

"काय झालं आवाजाला?" मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं.

"चांगला आहे. असा आवाज शेजारी असला तर माणूस कितीही…" एवढं म्हणता म्हणता त्याचे डोळे पांढरे झाले आणि तो माझ्या खांद्यावर कलंडला.

मी त्याला आडवं केलं, पायांखाली उशी दिली, तोंडावर पाणी शिंपडलं. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "पास झालो का मी?"

"कशात?"

"माफ करा. सवय… मी ड्रायव्हिंग शिकवतो. दिवसभर हाच प्रश्न कानावर असतो."

मी त्याच्या हातात बिस्किटं ठेवली. तो एकेक बिस्किट खात, लहान मुलासारखा पाय हलवत बसला. जाताना दारातून वळून म्हणाला, "ते वाक्य अर्धं राहिलं."

"पुढच्या वेळी पूर्ण करा."

"म्हणजे पुन्हा सुई?"

"बघा बुवा. तुमची मर्जी."

तो गेला आणि पुढच्या माणसाची बाही मी चुकून दोनदा वर केली.

*

त्या रविवारी मावशीनं मला हॉलवर ओढून नेलं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आई-बाबा दूर गावी, त्यामुळे मी तिच्याकडेच राहते. तिचं केस कापायचं दुकान आहे. साठी उलटून गेली, पण कात्रीचा आणि जिभेचा वेग कमी झालेला नाही. चर्चमागच्या हॉलमध्ये हौशी मंडळी एक संगीतिका बसवणार होती, बायबलमधल्या बलामाच्या गोष्टीवर, आणि तिच्यात देवदूत व्हायचं असं मावशीनं ठरवून टाकलं होतं.

"मावशी, देवदूत तरुण असतात गं."

"कुणी सांगितलं तुला? जगाच्या सुरुवातीपासून आहेत ते. माझ्यापेक्षा कितीतरी म्हातारे."

मी चपला घातल्या.

हॉल मोठा होता. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेषा आखलेल्या, कोपऱ्यात घडीच्या खुर्च्यांचा ढीग, आणि खिडकीपाशी एक जुना पियानो. पियानोवर बाई बसल्या होत्या. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या संगीत शिक्षिका. नाटकाचं लिखाण, चाली, दिग्दर्शन सगळं त्यांचंच. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि बोलणं मोजकं.

त्यांनी आधी गोष्ट सांगितली. एक राजा बलाम नावाच्या संदेष्ट्याला निरोप धाडतो, की ये आणि माझ्या शत्रूंना शाप दे. बलाम आपल्या गाढवीवर बसून निघतो. वाटेत देवदूत उपसलेली तलवार घेऊन उभा असतो. तो बलामाला दिसत नाही, गाढवीला दिसतो. ती पहिल्यांदा शेतात शिरते, बलाम तिला मारतो. दुसऱ्यांदा ती भिंतीला घासते, बलामाचा पाय चिरडतो, तो पुन्हा मारतो. तिसऱ्यांदा वाटच उरत नाही, तेव्हा ती खाली बसते. पुन्हा मार. आणि मग देव तिला वाचा देतो. ती विचारते, मी तुझं काय वाईट केलं?

"तर," बाई म्हणाल्या, "गाढवी कोण वाचेल?"

आलेल्या सगळ्या मुलींना देवदूत व्हायचं होतं. कुणी बुटांच्या लेस बघू लागलं, कुणी छताचे पंखे.

"ही वाचेल!" मावशीचा आवाज. "सगळ्यांची ओझी वाहायची सवयच आहे हिला. लॅबमध्येही आणि घरीही."

लोक हसले. माझे कान तापले. पण मावशीचा हात पाठीवर होता, आणि तो हात एकदा ढकलायला लागला की थांबत नाही.

"आणि बलाम?"

मागच्या रांगेतून एकजण उठला. उंच, बाह्या दुमडलेला. कोपराच्या आतल्या बाजूला मी चिकटवलेली कापसाची पट्टी अजून तशीच.

"अहो, तुम्ही!" मी म्हटलं.

"आज सुई नाही ना आणली?" त्यानं हळूच विचारलं.

"पट्टी काढायची असते दुसऱ्या दिवशी."

"हो? कुणी सांगितलंच नाही." मग जरा थांबून, "…सांगितलं असतंत तरी काढली नसती म्हणा."

बाईंनी पेन्सिल पियानोवर आपटली.

आधी तो गायला. बलामाचं प्रवासाचं गाणं. आवाज स्वच्छ आणि उबदार होता, सुरात होता, बाईंची मान डोलली. मग प्रसंग. मी ओणवी झाले, पाठीवर घोंगडी टाकली, गळ्याभोवती स्कार्फचा लगाम. समोर मावशी छत्री उगारून देवदूत. त्याच्या हातात गुंडाळलेल्या पुठ्ठ्याची काठी.

मी थांबले. त्यानं काठी उगारली. उगारली आणि तशीच धरली.

"मारा," बाई म्हणाल्या.

त्यानं माझ्या पाठीला काठी टेकवली, लोकरीवरचा धागा उचलावा तशी. आणि पुटपुटला, "सॉरी हं."

हॉलमध्ये खसखस पिकली.

दुसऱ्यांदा मी भिंतीकडे सरकले. त्याचा पाय सापडायच्या जागी माझाच गुडघा सापडला. "लागलं का?" त्यानं काठी टाकून विचारलं.

तिसऱ्यांदा मी मटकन बसले, तर हा खाली वाकून म्हणतो, "शाब्बास. छान थांबलात."

आता मात्र बाई उठल्या. "अहो महाराज, बलाम चिडलाय! त्याची गाढवी अडून बसलीय!"

"हो बाई, पण तिचं बरोबर आहे. समोर माणूस तलवार घेऊन उभा आहे. पुढे काही दिसलं की थांबायचं, हेच तर मी रोज घसा कोरडा करून शिकवतो. आणि त्यासाठी मारायचं?"

लोक पोट धरून हसत होते. मी घोंगडीखाली तोंड लपवून हसत होते. बाई हसल्या नाहीत. "आवाज आहे," त्या म्हणाल्या, "राग नाही. पुढच्या रविवारी या परत, राग घेऊन."

मग माझ्याकडे वळून त्यांनी एक कागद दिला. गाढवीचं गाणं. "हे गाऊन बघा."

बाईंनी पियानोवर पहिली ओळ वाजवून दाखवली आणि मी थबकले. सगळं खालच्या पट्टीत होतं. शाळेत असताना प्रार्थनेच्या वेळी आमच्या वर्गशिक्षिका मला मागच्या रांगेत उभं करायच्या आणि म्हणायच्या, तू नुसते ओठ हलव बाळ. तेव्हापासून मी ओठच हलवत आलेय. वाढदिवसालासुद्धा.

"बाई, हे… बाईमाणसासाठी फार खाली नाही का?"

"तुमच्यासाठी आहे का?"

मी मनातल्या मनात पहिली ओळ गुणगुणून बघितली. सवयीचा जुना सदरा घालावा इतकी ती सहज बसली.

"नाही," मी म्हटलं. "माझ्यासाठी नाहीये फार खाली."

*

बाहेर तो माझी वाट बघत होता. मावशीला अचानक छत्री आत विसरल्याचं आठवलं. छत्री तिच्या हातातच होती.

"मला रागवायला शिकवाल?" त्यानं विचारलं.

"मी? का, मी फार रागीट दिसते?"

"रोज सकाळी माणसांच्या अंगात सुया खुपसता. हात कापत नाही तुमचा. मला पुठ्ठा उगारवत नाही."

"आणि त्याबदल्यात मला काय?"

"गाडी शिकवीन."

"मला गाडी नकोय शिकायला."

"बरं." तो विचारात पडला. "मग नुसतं शेजारी बसा."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. माझं काम दुपारी संपायचं, त्याचे विद्यार्थी कलत्या उन्हात जायचे. मग गावाबाहेरच्या सरावाच्या मैदानावर आम्ही दोघं. प्लास्टिकचे खांब, पांढऱ्या रेघा, वाऱ्यावर उडणारी धूळ, आणि दरवाजावर मोठ्या अक्षरात 'शिकाऊ' लिहिलेली ती छोटी गाडी. शेवटी चालवायला मीच बसले. म्हटलं, याला चिडवायचं तर हाच उत्तम मार्ग. मी मुद्दाम एक खांब पाडला.

"छान," तो म्हणाला. "आता अंदाज आला ना? पुन्हा घेऊ."

मी दुसरा पाडला. तिसऱ्यावरून गाडीच घातली.

"हरकत नाही. तो जुनाच होता."

"अहो, चिडा ना!" मीच चिडले. "तुम्हाला राग येतच नाही का?"

"येतो की. पण शेजारचा माणूस घाबरला तर ब्रेकऐवजी भलतंच काहीतरी दाबतो. मग दोघंही खड्ड्यात." तो हसला. "बघा, तुम्हाला किती छान येतो राग. नाकाचा शेंडा लाल होतो."

"माझ्या नाकाकडे बघू नका. समोर बघा."

"समोर तुम्ही बघायचं. गाडी तुम्ही चालवताय."

मी समोर बघितलं. काचेत मला माझंच हसू दिसत होतं, ते आवरायचा प्रयत्न केला तर आणखी पसरलं.

एका संध्याकाळी मी त्याला विचारलं, "नाटकात यायचं तुमच्या डोक्यात आलं तरी कुठून?"

गाडीच्या टपावर कोवळी फांदी घासत होती. "माझ्याकडे माणसं येतात, महिनाभर रोज शेजारी बसतात," तो म्हणाला. "घरातलं, दारातलं सगळं सांगतात. गाडी शिकताना माणूस फार बोलतो, भीतीनं. आणि मग पास होतात, पेढ्यांचा… नाही, चॉकलेटचा डबा देतात आणि जातात. जो चांगला शिकला तो पुन्हा भेटत नाही. कधी सिग्नलला शेजारून जातो, हात करतो… तेवढंच." त्यानं माझ्याकडे न बघता खिडकीची काच पुसली. "कुणीतरी म्हणालं, नाटक बसायला महिनेच्या महिने लागतात. म्हटलं, मग जावं."

मी न ठरवता एक भलतीच गोष्ट केली. गाडीच्या चारही काचा वर केल्या आणि गाढवीचं गाणं म्हटलं.

*सांग ना, काय तुझं मी केलं?*
*जिथं तू वळवलंस, तिथं मी वळले,*
*आज एकदाच थांबले…*

मोठ्यानं, पूर्ण आवाजात. कुणासमोर असं मी कधी गायले नव्हते. बंद गाडीत माझा आवाज सीटमधून, दारांमधून, माझ्याच पाठीच्या कण्यातून परत येत होता. संपल्यावर मी स्टिअरिंगकडे बघत बसले. एक क्षण गेला, दुसरा गेला…

"काहीतरी बोला ना."

"थांबा जरा," तो हळू म्हणाला. "अजून ऐकतोय."

त्या दिवशी घरी जाताना फुटपाथवरून आम्ही चालत होतो. एक सायकल जोरात आडवी आली, तर याचा पाय हवेतच ब्रेक दाबायला गेला आणि हात माझ्या दंडाकडे. सायकल निघून गेली. हात तिथंच राहिला. मग लक्षात येऊन त्यानं तो घाईघाईनं खिशात घातला, जणू दुसऱ्या कुणाचा होता.

*

पुढच्या रविवारी हॉलमध्ये एक नवा उमेदवार आला होता. वकीलसाहेब. धिप्पाड बांधा आणि असा आवाज की पियानोवरचे कागद थरथरावेत. कोर्टात समोरचा साक्षीदार यांच्या पहिल्याच प्रश्नाला गारठत असेल.

बाईंनी आधी त्यांना घेतलं. गाढवी मीच.

पहिला फटका पाठीपासून जरा दूर, पण आवाज खणखणीत. दुसऱ्याला पुठ्ठ्याची काठी जमिनीवर आपटली, लोकांनी श्वास रोखले. वकीलसाहेब रंगात आले होते. "ऊठ! चल म्हणतो ना!" तिसऱ्याला त्यांचा अंदाज चुकला आणि काठी सपकन माझ्या खांद्यावर बसली.

फार लागलं असं नाही. पण लागलं. आणि मला काय झालं कुणास ठाऊक. एरवी मी म्हटलं असतं, असू दे, काही नाही झालं. आयुष्यभर तेच म्हणत आले होते. फोनवर दादा म्हणाले, असू दे. सुट्टीच्या दिवशी माझीच ड्युटी लावली, असू दे. मागच्या रांगेत उभं केलं, नुसते ओठ हलव म्हणाले, असू दे.

मी उठून उभी राहिले. घोंगडी खाली पडली. गाढवीनं बसून राहायचं असतं, तेही मी विसरले. वकीलसाहेबांच्या डोळ्यात बघून मी म्हटलं, "मी काय केलं तुमचं?"

हे वाक्य नाटकातलंच होतं. पण हॉलमध्ये कुणालाच ते नाटकातलं वाटलं नाही. मी गाऊ लागले. पियानोशिवाय. दुसऱ्या ओळीला बाईंची बोटं अलगद येऊन मिळाली. माझा खोल, जाड, दादा म्हणवून घेणारा आवाज बॅडमिंटनच्या रेषांवरून शेवटच्या खिडकीपर्यंत गेला आणि मला पहिल्यांदाच तो लपवावासा वाटला नाही.

गाणं संपलं तेव्हा वकीलसाहेबांच्या हातातून काठी गळून पडली होती. "ताई, खरंच माफ करा," ते म्हणत होते, "माझा अंदाज… फार लागलं का?" बिचारे घामाघूम झाले होते. मावशी छत्री घेऊन त्यांच्याकडे निघाली होती, ती माफी ऐकून थांबली.

आणि मागच्या रांगेत तो उभा होता. खुर्ची मागे पडलेली. माझं लक्ष गेलं तशी त्यानं खुर्ची सरळ केली.

त्याची पाळी आली. तो पुढे आला, काठी उचलली, माझ्या खांद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि काठी पियानोवर ठेवून दिली.

"बाई, हे काम वकीलसाहेबांनाच द्या. ते खरोखर चांगलं करतात. त्यांच्यासमोर गाढवी बोलली ना, ती माझ्यासमोर कधीच बोलली नसती. तिला बोलायची गरजच पडली नसती."

लोक पुन्हा हसले. तो मात्र हसत नव्हता. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेला. मला मागे धावायचं होतं, पण बाईंनी नावं वाचायला घेतली होती. बलाम, वकीलसाहेब. देवदूत, मावशी. गाढवी…

मावशीनं मला मिठी मारली, तीही छत्रीसकट. मी हसले. लोकांच्या शुभेच्छा घेतल्या. पण दाराकडे बघत घेतल्या.

*

तो आठवडा फार लांब गेला. दुपारी काम संपलं की पाय आपोआप मैदानाकडे वळायचे आणि मी त्यांना घरी आणायचे. त्याचा फोन नाही, निरोप नाही. शिकवणी कशासाठी होती? बलामासाठी. बलाम गेला, शिकवणी संपली. हिशोब सरळ होता. तरी जेवताना मी भाताची शितं मोजत बसायचे.

"एवढं वाटतंय तर जा की," मावशी म्हणाली.

"मी कशी जाऊ?"

"चालत."

"मावशी! काय कारण सांगू?"

"लोकांचं रक्त काढतेस तेव्हा कारण लागतं का? चिठ्ठी असली की झालं. तुझ्या तोंडावर चिठ्ठी लिहिलीय, मला इथून वाचता येतेय."

रात्रभर मी कूस बदलत राहिले, आणि सकाळी कामावर जायच्या आधी थेट बाईंच्या घरी गेले. त्या कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"बाई, एक विचारू? गाढवाला पाय किती असतात?"

त्यांनी झारी खाली ठेवली. "चार."

"माझे दोनच आहेत."

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, माझ्याकडे बघितलं, परत खोचली. "मागचे पाय कोण होणार? चेहरा दिसायचा नाही, एक ओळ बोलायला नाही, सगळा वेळ वाकून उभं राहायचं. असं कुणी तयार होतं का?"

"मी… विचारून बघते."

"हं," बाई म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच मला त्या हसताना दिसल्या. "कुणाला, ते मी विचारत नाही."

दुपारी मैदानावर पोचले तर गाडी चालू होती. चालवायला एक आजी बसल्या होत्या. आपल्या बहिणीला भेटायला स्वतः गाडीनं जायचं म्हणून या वयात शिकत होत्या. शेजारी तो. मी हात केला. गाडी आचके देत थांबली.

"तुम्ही?" तो म्हणाला. चेहरा उजळला, आणि लगेच त्यानं तो आवरला. "धडा चालू आहे, अजून अर्धा…"

"बसा की मागे," आजी म्हणाल्या. "मला काही अडचण नाही. मला उजवीकडे वळायचंय फक्त."

मी मागे बसले. माझ्यापुढे त्याची मान, कानामागे थोडी धूळ. रस्ताभर पाठ केलेली वाक्यं सगळी पळून गेली.

"खांदा कसा आहे?" त्यानं समोर बघतच विचारलं.

"बरा आहे. तुम्ही का गेलात तसे?"

"मी उठलो होतो, त्यांना थांबवायला. बघतो तर तुम्ही आधीच उभ्या. मग वाटलं, माझं तिथे आता काय काम?"

"आहे काम," मी म्हटलं. "म्हणजे… तेच विचारायला आलेय. माझे मागचे पाय व्हाल का?"

गाडी गचकन थांबली. आजींनी ब्रेक दाबला होता.

"छान दाबलात," तो यंत्रासारखा म्हणाला. मग मागे वळला. "काय होऊ म्हणालात?"

"गाढवीचे मागचे पाय. चेहरा दिसणार नाही. ओळी नाहीत. वाकून पाठ दुखेल. तालमी चार महिने, मग प्रयोग."

"आणि मी नेमका कुठे असणार?"

"माझ्या मागे." माझा आवाज आणखीच खोल गेला. "हात… माझ्या कमरेवर ठेवावे लागतील."

त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असणार. आजी आरशातून आम्हा दोघांना आळीपाळीनं बघत होत्या.

"आणि प्रयोग संपले की?" त्यानं हळूच विचारलं. "नंतर?"

मी खोटं बोलू शकले असते, हसण्यावारी नेऊ शकले असते. पण एकदा तोंड उघडलं की ते परत मिटवणं अवघड जातं, हे मला त्या रविवारी कळलं होतं. "नंतरही," मी म्हटलं. "मी चॉकलेटचा डबा देऊन जाणाऱ्यांतली नाही."

बाहेर वारा थांबल्यासारखा झाला. तो बघत होता, सुईची भीती नसतानाही, तसाच सरळ.

"अहो, हो म्हणा," आजी म्हणाल्या, "आणि मग मला सांगा, वळू का नको?"

"हो," तो म्हणाला.

आजी वळल्या. इशारा न देता, डावीकडे. त्यानं त्यांना काही म्हटलं नाही.

*

पहिल्या तालमीला मावशीनं जुन्या राखाडी पडद्यांची गाढवी शिवून आणली. पुढे मी, डोळ्यांसमोर दोन भोकं. मागे तो. आत अंधार, धुळीचा आणि साबणाचा वास, आणि माझ्या पाठीशी त्याचा श्वास.

"हात ठेवू?" मागून आवाज आला.

"ठेव," मी म्हटलं.

म्हटलं आणि जीभ चावली. अहो-जाहोचं काय झालं? मग त्याचे हात आले, इतके हलके, की कापडच सरकलं असं वाटावं.

"नीट धर," मी म्हटलं. आता चावायला जीभ उरली नव्हती. "पडशील."

"बरं. तू सांगशील तसं."

बाईंनी ताल धरला. पहिल्या पावलाला त्याचं बोट माझ्या टाचेखाली आलं. दुसऱ्याला आम्ही दोघंही एकाच बाजूला कललो. वकीलसाहेब पाठीवर बसल्यासारखं करत शेजारून चालत होते आणि दर पावलाला विचारत होते, "जमतंय ना ताई?" हळूहळू जमलं. उजवा, डावा, उजवा. हॉलच्या टोकाशी, भोकांतून दिसत होती मावशी, पांढऱ्या चादरीत, लाकडी तलवार दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली. तिथे मी थांबायचं होतं.

"एक सांगू?" मागून कुजबुज आली.

"आत्ता?"

"ते लॅबमधलं वाक्य नाही. ते असू दे. हे दुसरंच आहे… मला तू आवडतेस."

माझे पाय चालत राहिले. त्याचेही. समोर तलवार होती, मावशी होती, पांढरी चादर होती, आणि मला त्यातलं काहीसुद्धा दिसत नव्हतं. आम्ही सरळ देवदूतावर जाऊन आदळलो.

मावशी, तलवार, पडदे आणि चार पाय, सगळा ढीग जमिनीवर. बाईंची पेन्सिल पियानोवर आपटली. "अहो, गाढवीला देवदूत दिसतो! तेवढीच तर गोष्ट आहे!"

कापडाच्या आत आम्ही एकमेकांत अडकून पडलो होतो. त्याचा चेहरा कुठेतरी माझ्या खांद्यापाशी होता आणि तो हसत होता, श्वास लागेपर्यंत.

"मलाही," मी त्याच्या कानात म्हटलं, अगदी हळू. "मलाही तू. फार."

पण माझा आवाज कसा आहे ते मी सांगितलंच आहे. बाहेर खुर्च्यांमधून कुणीतरी टाळी वाजवली, आणि मावशी ढिगाखालून म्हणाली, "झालं ना सांगून? मग आता उठा माझ्या अंगावरून."